वळणावरची पाणमांजरं

नदीच्या वळणावर, जिथे जंगल थेट पाण्यात उतरतं, तिथे पाणमांजरांचं एक कुटुंब राहत होतं. वनरक्षक बाई नऊ वर्षं त्यांची नोंद ठेवत होत्या. यंदा तीन पिल्लं झाली. ती मोठी होईपर्यंत वळणावर मोटारबोटी नकोत, म्हणून बाई साहेबांच्या हात धुऊन मागे लागल्या आणि एकदाचा बंदीचा फलक लागला.

पर्यटकांच्या पाच बोटी होत्या. त्यातली एक बाईंच्या दिराची. त्याने निमूटपणे पलीकडच्या काठाने फेऱ्या सुरू केल्या. बाकीचे चौघे फलकाकडे काणाडोळा करत. पिल्लं दिसतात म्हटल्यावर लोकही त्यांच्याच बोटीत बसत. दीर धक्क्यावर माश्या मारत बसे.

एका दुपारी तो चौकीत आला. टॉवेलची गुंडाळी टेबलावर ठेवून त्याने तोंड फिरवलं.

"वहिनी, बोटीच्या पंख्यात आलं. मला कळलंच नाही."

बाईंनी टॉवेल उघडला. पिल्लू वीतभर होतं.

"वळणावर कशाला गेलात, भाऊजी?"

"बोटीतली पोरगी हट्टाला पेटली. म्हटलं, एकदा गेल्याने काय होतंय."

बाईंनी टॉवेल पुन्हा गुंडाळला. मग म्हणाल्या, "मला हे लिहावं लागेल."

"लिहा. लपवायचं असतं तर आलोच नसतो."

चार दिवसांत त्याचा परवाना रद्द झाला. बाईंनी बाकीच्या बोटींचे फोटो साहेबांपुढे ठेवले.

"एकावर कारवाई झाली ना? आता पुरे," म्हणत साहेबांनी ते खणात सारले.

दीर शहरात गोदामावर रखवालीला लागला. तो गेला त्या सकाळी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरच्याच माणसावर लेखणी चालवलीस." त्यानंतर त्यांनी बाईंशी बोलणं टाकलं. नवरा "तुझं चुकलं नाही" म्हणाला खरा, पण बाईंच्या नजरेला नजर देईना.

उरलेल्या दोन पिल्लांना घेऊन पाणमांजरं वळण सोडून गेली. बाईंनी दोन्ही काठ पायाखाली घातले. ना पावलांचे ठसे, ना खाल्लेल्या माशांचे खवले. चारही बोटी आता लोकांना रिकामं बीळ दाखवतात.

परवा दिराचा फोन आला. "दिसली का कुठे?"

"नाही."

"दिसतील, वहिनी."

बाईंनी हो म्हटलं. तो खोटी आशा लावतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्याच्या आवाजावरून वाटलं, त्यालाही ते कळत होतं.