फुंकरबाबा आणि कानाची क्लिप

"ब्याऐंशी! मी नाही सांगत, तुमच्याच हॉस्पिटलचं यंत्र सांगतंय. या ताईंच्या रक्तात प्राणवायू फक्त ब्याऐंशी!"

सभागृहात कुणी खोकतसुद्धा नव्हतं, आणि ते सभागृह तर खोकणाऱ्यांनीच भरलेलं होतं. शिष्येनं त्या ताईंचा हात भांड्यातल्या पाण्यातून काढून, पुसून बोटाला यंत्राची क्लिप लावली होती. प्राणगुरूंनी तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला, डोळे मिटले आणि चष्म्याची काच पुसताना आपण तोंडानं वाफ सोडतो तशी लांबलचक फुंकर त्यांच्या बोटांवर घातली. कॉलरला लावलेल्या माइकमुळे ती फुंकर मागच्या रांगेपर्यंत घुमली. मग पडद्यावरचा आकडा हलला. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी. नव्वद. एक्क्याण्णव!

लोक खुर्च्यांवरून उठले. कुणी रडायला लागलं, कुणी मोबाइल उंच धरला. हॉस्पिटलचे अध्यक्ष पहिल्या रांगेत उभे राहून अशा टाळ्या वाजवत होते, की फुंकर त्यांनीच घातली असावी.

त्या ताई म्हणजे माझी आत्या.

माझी आत्या बस कंडक्टर होती. "पुढे सरका!" असं तिनं म्हटलं की अख्खी बस पुढे सरकायची, आणि एकदा तर म्हणे थांब्यावर उभे असलेलेही सरकले होते. माझा मोठा आवाज तिच्याकडूनच आलाय, म्हणून ती मला 'भोंगा' म्हणते. आता तिची फुप्फुसं खराब झालीत. एक वाक्य बोलायला ती तीनदा थांबते. ऑक्सिजनची नळी चोवीस तास नाकात, आणि नळीसकट ती आईच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल.

आई डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. ती तिथे क्लिनिकल ऑपरेशन्स मॅनेजर आहे. म्हणजे नक्की काय करते, असं मैत्रिणी विचारतात. डॉक्टर, सिस्टर, रिकामी खाट, औषध आणि चालू यंत्र ही सगळी मंडळी एकाच वेळी एकाच पेशंटपाशी पोचली, की समजायचं आई कामावर आहे. नाही पोचली, तर शिव्या तिलाच. पोचली तर आभार डॉक्टरांचे.

या शिबिराला आईनं आधीच विरोध केला होता. "वॉर्डातला मॉनिटर काढून स्टेजवर न्यायचा? तिथल्या पेशंटचं काय?"

त्यावर अध्यक्ष म्हणाले होते, "मॅडम, लोकांना बरं वाटतंय. तुमच्या पोटात का दुखतंय?"

तर असा हा 'प्राणसंजीवन' सोहळा. मी त्या माणसाचं नाव तिथल्या तिथे फुंकरबाबा ठेवलं. गुळगुळीत पांढरे कपडे, गुळगुळीत पांढरे केस आणि त्याहून गुळगुळीत जीभ. "प्राण ही लहर आहे. लहर पेशीला साद घालते. पेशी जागी होते. विज्ञान आज तिथे पोचतंय, जिथे मी बालपणीच पोचलो!" विज्ञानाच्या पेपरात मी असं काही लिहिलं असतं, तर बाईंनी वहीच फेकली असती. इथे मोठमोठी माणसं माना डोलवत होती.

संध्याकाळी वॉर्डात आत्यानं जाहीर केलं, "मी उद्या... त्यांच्याबरोबर जाणार. त्यांच्या केंद्रावर. नळी... नको आता."

फुंकरबाबा दुसऱ्या दिवशी समारोप करून 'निवडलेल्या' पेशंटना आपल्या बसमधून घेऊन जाणार होता. केंद्र लांब डोंगरात. नळी, गोळ्या, डॉक्टर यांना तिथे प्रवेश नाही.

छातीचे डॉक्टर खाटेशेजारी उभे होते. ते एरवी फार हळू बोलतात. त्या दिवशी स्पष्ट बोलले. "ताई, ऑक्सिजन काढून एवढा प्रवास केलात, तर तुम्ही पोचणार नाही. केंद्रावरही नाही आणि परतही नाही."

"तुम्हाला इतक्या दिवसांत... जमलं नाही. त्यांनी नुसता हात धरला... आणि आकडा वर."

"आत्या, अगं नळी तर तेव्हाही तुझ्या नाकातच होती!" मी ओरडले.

"भोंग्या, गप."

आई म्हणाली, "ताई, निदान आठवडाभर थांबा."

"वहिनी, तुझी नोकरी आहे इथे. तू... तसंच बोलणार."

आईचा चेहरा पडला. सगळ्यात जास्त राग मला माझ्या बाबांचा आला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. ताईची इच्छा आहे, तर जाऊ दे ना." स्वतःच्या बहिणीला मरणाच्या बसमध्ये बसवायला निघालेला माणूस, आणि कारण काय, तर आकडा पाहिला!

मी पाय आपटत आईच्या ऑफिसात गेले. तिथला एसी म्हणजे शिक्षाच. आईच्या ऑफिसात बसायचं तर स्वेटर हवा, आणि मी तो नेहमी विसरते. कुडकुडत बसले होते. टेबलावर दुरुस्तीहून आलेली बोटाची क्लिप पडली होती, तीच, ऑक्सिजन मोजणारी. मी ती बोटाला लावली. आकडा आला, शहाऐंशी.

"आई! आई गं, मी मरतेय!"

फोन कानाला धरूनच आईनं माझ्याकडे पाहिलं. "हात बघ, बर्फ झालेत. चोळ आधी."

मी हात चोळले, काखेत धरले, पुन्हा क्लिप लावली. अठ्ठ्याण्णव.

मी आकड्याकडे बघितलं. मग आईकडे. आईनं पलीकडचा माणूस बोलत असतानाच फोन खाली ठेवला.

"स्टेजवर ती शिष्या आत्याचा हात कशात बुडवते?" मी विचारलं.

"शुद्धिजल म्हणतात ते. गुरुजींचं भाषण होईपर्यंत हात त्यातच असतो." आई हळूहळू उठली. "भांड्याला बाहेरून पाणी सुटलं होतं गं, इतकं ते गार. मी पाहिलं होतं. आणि मी..." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या सिस्टर रोज सकाळी पेशंटची बोटं चोळून मगच क्लिप लावतात! नव्या मुलींना पहिल्या दिवशी मीच बजावते. तेच या गृहस्थानं स्टेजवर, दिव्याखाली केलं, तर एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही."

"चल, आत्ता आत्याला सांगू!"

"ती म्हणेल, वहिनीची नोकरी आहे." आई दोन मिनिटं येरझाऱ्या घालत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे ड्युटी बुडवणाऱ्याला पकडताना येतं. "आयसीयूत कानाची क्लिप असते. पेशंटची बोटं गार पडली, की आम्ही ती वापरतो. उद्या शिबिराची व्यवस्था माझ्याकडेच आहे ना? मग करते व्यवस्था."

दुसऱ्या दिवशी सभागृह आणखी भरलं होतं. जिन्यावरसुद्धा माणसं. स्टेजवर मात्र एकाऐवजी दोन मॉनिटर होते. आत्या व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत, अंगावर ब्लँकेट, मांडीवर कपड्यांची पिशवी. ती पिशवी बसमध्ये न्यायला भरलेली होती.

फुंकरबाबानं भुवई उंचावली. "हे दुसरं कशाला?"

आईनं अतिशय नम्रपणे सांगितलं, "मागच्यांना दिसत नव्हतं, गुरुजी. आपणच म्हणालात ना, यंत्र खोटं बोलत नाही? मग दोन यंत्रं म्हणजे दुप्पट पुरावा."

पहिल्या रांगेतून अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, "वा मॅडम! आता कशा मार्गावर आलात!"

"कुणाला प्राणाचा अनुभव घ्यायचाय?" बाबानं विचारलं. शिष्येनं कुणाला निवडायच्या आधीच मी स्टेजवर होते.

"गुरुजी, मला जिना चढला की दम लागतो. परीक्षा आली की तर श्वासच मिळत नाही," मी छाती धरून म्हणाले. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम देणाऱ्या बाईंनी हे बघायला हवं होतं!

"ये कन्ये. कोवळ्या वयातच प्राण आटतोय, पाहा!"

सिस्टरनं एका मॉनिटरची क्लिप माझ्या बोटाला लावली आणि दुसऱ्याची कानाच्या पाळीला. दोन्हीकडे अठ्ठ्याण्णव. बाबा जरासा थबकला, "कानाला?" पण तोवर लोक टाळ्या वाजवायला लागले होते. बोटाची क्लिप काढून शिष्येनं माझा हात भांड्यात बुडवला.

आई गं! ते पाणी नव्हतंच, नुकताच वितळलेला बर्फ होता. बाबा लहरी, पेशी आणि स्वतःचं बालपण यावर बोलत राहिला आणि माझी बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. शेवटी हात पुसून पुन्हा क्लिप लागली.

"पाहा! चौऱ्याऐंशी! अरेरे, या लेकराच्या—"

"आणि तिकडे अठ्ठ्याण्णव कसं काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

कुजबुज सुरू झाली. एक पडदा म्हणत होता पोरगी चालली, दुसरा म्हणत होता ठणठणीत आहे. पोरगी तीच, रक्त तेच.

बाबा हसला, पण ते हसू ताणलेलं होतं. "कान हे पोकळ इंद्रिय आहे. कानात प्राण वसत नाही."

"मग सकाळपासून तुमचं ऐकून माझे कान का किटले?" एक आजोबा म्हणाले, आणि सभागृह पहिल्यांदा हसलं.

छातीचे डॉक्टर शांतपणे उभे राहिले. "शरीरात रक्त एकच फिरतं. ऑक्सिजन खरंच कमी झाला असता, तर कानातही कमी दिसला असता."

"मी सिद्ध करतो!" बाबानं घाईघाईनं माझा हात पकडला, चोळला, फुंकर घातली. बोटाचा आकडा चढला, अठ्ठ्याण्णव. कानाचा आधीपासून तिथेच होता, जांभया देत. टाळ्या एक-दोन वाजल्या आणि स्वतःलाच लाजून थांबल्या.

मी हात सोडवून घेतला आणि स्वतःच परत भांड्यात घातला. दात वाजत होते, पण आवाज आत्याचा आहे ना माझा! मी जोरात म्हणाले, "आता गुरुजी लांबच उभे राहतील. आणि माझी आत्या धरेल माझा हात. तिला सिद्धी नाही. तिला तर स्वतःलाच श्वास पुरत नाही."

"हा पोरखेळ थांबवा!" बाबा अध्यक्षांकडे वळला. अध्यक्ष अचानक मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं शोधत होते.

मी स्टेजवरून खाली आले आणि सिस्टरनं मॉनिटर आत्याच्या खुर्चीशी ढकलत आणून क्लिप पुन्हा लावली. माझ्या बोटावर पंच्याऐंशी. आत्यानं ब्लँकेटमधून हात बाहेर काढले. ते ऊबदार होते, ओळखीचे होते. तिकिटं फाडून फाडून अंगठ्याला पडलेला घट्टा माझ्या बोटांना लागला. तिनं माझी बोटं चोळली, अगदी तशी, जशी मी लहानपणी पावसात भिजून आले की चोळायची.

सत्त्याऐंशी. नव्वद. चौऱ्याण्णव.

आत्या पडद्याकडे बघत राहिली. अठ्ठ्याण्णव झाले तरी बघतच होती. मग तिनं स्वतःचे तळवे उलटे-सुलटे करून पाहिले.

"म्हणजे मी... बरी झाले नव्हते?"

यावर मला भोंगा होता आलं नाही. मी नुसती मान हलवली. आई तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली. "नाही, ताई. आकडा आधी त्यांनीच खाली आणला होता. तुमचा हात गार करून. बोट गारठलं की तिथलं रक्त आटतं, क्लिपला नीट दिसत नाही आणि ती कमी आकडा दाखवते. हात गरम केला, की होता तो आकडा परत. तुम्हाला जे मिळत होतं, ते नळीतूनच मिळत होतं."

आत्यानं मांडीवरची पिशवी माझ्या बाबांच्या हातात दिली. ते खाली मान घालून ती घेऊन उभे राहिले. मग तिनं नाकातली नळी नीट केली, दोन श्वास साठवले आणि फुंकरबाबाकडे बघून एकच शब्द काढला. त्या शब्दात तिनं बसमधला सगळा आवाज ओतला.

"उतरा!"

आणि तो उतरला. शपथ सांगते, बस सोडून इतकी वर्षं झाली तरी त्या आवाजापुढे कुणी उभं राहू शकत नाही.

अध्यक्ष नंतर आईला म्हणाले, "आम्हाला शंका होतीच हो." होती म्हणे! टाळ्या वाजवताना शंका कुठल्या खिशात ठेवली होती?

आणखी एक सांगायलाच हवं, नाहीतर मी पण फुंकरबाबासारखी अर्धंच दाखवणारी ठरेन. त्याची बस रिकामी गेली नाही. दोन्ही पडदे बघूनही काही माणसं त्यात चढली. डॉक्टर फाटकापर्यंत त्यांच्यामागे विनवण्या करत गेले. खिडकीतून एका काकूंनी आम्हालाच हात जोडले आणि म्हणाल्या, "तुम्हाला श्रद्धा नाही, म्हणून कानाचा आकडा हलला नाही." त्या काकूंचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्यांची आठवण आली की फुंकरबाबावर हसावंसं वाटत नाही, त्याला तुरुंगात बघावंसं वाटतं.

आत्या बरी झालेली नाही. ती बरी होणारही नाही, असं डॉक्टर खरं सांगतात. पण ती आहे. नळी लावून वॉर्डात बसते आणि गार बोटांचा नवा पेशंट आला, की सिस्टरच्या आधी त्याचे हात चोळायला घेते. "प्राणगुरू आत्या," असं सगळे चिडवतात.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. कुणी तुम्हाला स्टेजवर आकडा चढवून दाखवला, तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, तो खाली कुणी आणला होता? दुसऱ्या जागी मोजलं तर काय येईल? तुमच्याऐवजी माझ्या आत्यानं हात धरला तर? हे विचारायला मोठी पदवी लागत नाही. मी अजून शाळेतच आहे. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या बसमध्ये आपलं माणूस बसवू नका.