स्वतःचं नाव उच्चारताना

आखातात, अल मनखूलमधल्या आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती, आणि हिवाळ्यातल्या कोवळ्या, धूसर उन्हात तिथे उभी राहून सान सान आपल्या गालांवर थनाखा नावाच्या झाडाच्या सालीचं उगाळलेलं गंध लावत असे. चंदनाहून फिकट, किंचित मातकट वासाचा तो लेप. दोन्ही गालांवर दोन पिवळसर वर्तुळं उमटत आणि त्यांच्यामधला तिचा चेहरा इतका निरागस दिसे, की पाहणाऱ्याला वाटावं, या बाईला राग हा विकारच ठाऊक नसावा. मी तिच्या शेजारच्या खोलीत राहत होते. भिंतीपलीकडे तिचा राग मला ऐकू येई. अनवाणी, संथ, येरझाऱ्या घालणारा.

ती ब्रह्मदेशची. नव्वदच्या दशकात आमच्या घरातली एक खोली तिने भाड्याने घेतली होती आणि जवळच्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. ‘सान’ म्हणजे मराठीत लहान, असं सांगितल्यावर ती हसली होती, “तो मैं दो बार छोटी हूँ, दीदी.” रंगूनला शिकत असताना आपल्याच वर्गातली मुलं गोळीबारात कोसळताना तिने पाहिली होती. पुढे तिच्या देशात निवडणूक झाली, लोकांनी निःसंदिग्ध कौल दिला आणि सेनापतींनी तो पायदळी तुडवला. तिचा धाकटा भाऊ पत्रकं वाटताना पकडला गेला, तो आतच राहिला. आपण ज्या स्वरात भाजीवाल्याशी बोलतो, त्या स्वरात ती हे सारं सांगे. फक्त ‘जनरल’ हा शब्द आला, की तिचा खालचा ओठ पांढरा पडे.

तू ओरडत कशी नाहीस, असं मी एकदा तिला विचारलं.

“चिल्लाने से आवाज़ थक जाता है, दीदी. मुझे अभी बहुत बोलना है.”

आणि ती बोलत राहिली. अबुधाबीच्या नर्सेसशी, शारजात घरकाम करणाऱ्या मुलींशी, बंदराला लागलेल्या जहाजांवरच्या खलाशांशी. फोनवरून, एकेकाशी, दमलेल्या मुलाला थोपटावं तशा लयीत. सगळे भेदरलेले होते. वकिलातीने पासपोर्टचं नूतनीकरण नाकारलं, की माणूस जगात कुठलाच उरत नसे, आणि गावाकडे आईबापांच्या दारात शिपाई उभे राहत. शिवाय या देशात राजकारणासाठी चार माणसांनी एकत्र बसणंही चालत नव्हतं. तरीही तिचं मागणं अवघड होतं. देशाबाहेर पळालेल्या तिच्या मित्रांचं एक रेडिओ केंद्र होतं, त्यासाठी प्रत्येकाने ध्वनिफितीवर चार वाक्यं बोलायची आणि ती स्वतःचं नाव सांगून बोलायची. “बिना नाम के आवाज़ से जनरल नहीं डरता,” ती म्हणे.

जागा मी दिली. संक्रांतीचं हळदीकुंकू शुक्रवारी दुपारी होतं. बायकांची ये-जा असणार, वॉचमनला संशय यायचं कारण नव्हतं. हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या बायका, जरीचे काठ, अत्तराचा दरवळ, तिळगुळाच्या वाट्या. आणि आतल्या खोलीत, घरघर ध्वनिफितीत येऊ नये म्हणून एसी बंद करून, जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या सान सानच्या बाया. मी आतही हळदीकुंकू घेऊन गेले. त्यांनी ते कपाळाऐवजी तळव्यांवर घेतलं आणि मुठी मिटल्या.

एका मुलीला बोलताच येईना. टेप फिरत होती आणि तिच्या घशातून केवळ श्वास बाहेर पडत होता. सान सानने टेप थांबवली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत काही विचारलं. मुलगी रडता रडता हसली. नंतर मला कळलं, तिने विचारलं होतं, घरी गेल्यावर आई आधी काय वाढेल? मुलीने पदार्थाचं नाव सांगितलं, मग गावाचं, मग आईचं, आणि शेवटी, ताठ बसून, स्वतःचं. माणसाच्या मुखातून स्वतःचं नाव इतकं लखलखीत बाहेर पडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच वेळी दार उघडलं. मंडळाच्या अध्यक्ष, आमच्या देशमुख वहिनी, पाण्याचा पेला शोधत आत आल्या होत्या. त्यांनी टेपरेकॉर्डर पाहिला, चेहरे पाहिले आणि दार ओढून घेतलं.

फीत एका खलाशाबरोबर गेली आणि पुढे प्रसारितही झाली. पण हळदीकुंकवाच्या पुढच्याच आठवड्यात दवाखान्याच्या मालकाने सान सानला बोलावून “खलास” एवढंच म्हटलं. व्हिसा रद्द. वहिनींच्या यजमानांची आणि त्याची ऊठबस होती. मी तडक त्यांच्या घरी गेले.

“फोन तुम्ही केलात?”

“केला,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “अगं, आपली मुलं इथल्या शाळांत आहेत. उद्या सगळ्या इंडियन्सवर आलं तर? देश त्यांचा, भांडण त्यांचं. आपल्याला काय करायचंय?”

“वहिनी, तिला परत पाठवलं तर तुरुंगात टाकतील.”

“मग आधी विचार करायचा तिने.”

त्यांच्या सोफ्यावर सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी इस्त्री केलेला तिरंगा ठेवला होता. आठवडाही नव्हता राहिला. याच बाई व्यासपीठावर उभ्या राहून स्वातंत्र्याची गीतं गाणार होत्या, डोळे पुसणार होत्या. “तुमचा आवाज यंदा मला ऐकायचा नाही,” एवढंच मी म्हटलं आणि मंडळाचं दार त्या दिवसापासून माझ्यापुरतं बंद केलं. घरी माझी लेक सान सानची बॅग भरायला मदत करत होती. “इट्स नॉट फेअर, मम्मी,” ती म्हणाली.

तिच्या पासपोर्टची मुदत अजून थोडी उरली होती. रंगूनऐवजी तिने बँकॉकचं विमान धरलं, आणि तिथून सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या एका दवाखान्यात गेली. विमानतळावर तिचा ओठ पांढरा नव्हता.

नंतर तिचा फोन आला. पावसाचा प्रचंड आवाज आणि त्यातून तिचा तो न थकलेला स्वर. तिच्या आईने शेजाऱ्यांसह रजई पांघरून रेडिओ ऐकला होता. लेकीचं नाव ऐकताच म्हातारीने रेडिओलाच उत्तर दिलं होतं. पुढे शिपाई आले, आईला चौकशीला घेऊन गेले. ती परतली, पण मुलीला नाकारणाऱ्या कागदावर तिने अंगठा उमटवला नाही. “मेरी माँ भी नहीं चिल्लाया, दीदी,” सान सान म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा स्वर फुटला.

मग फोन विरळ होत गेले. नव्या शतकाची काही वर्षं सरल्यावर अबुधाबीच्या एका नर्सने मला कळवलं, की सरहद्दीवरच्या तापाने सान सान गेली. तिचा भाऊ अजून आत होता, आणि जनरल आपल्या जागी सुखरूप होते.

काळ आठवणींचे कोपरे घासून गुळगुळीत करतो. तिच्या चेहऱ्याचे, हसण्याचे कितीतरी तपशील त्याने माझ्याकडून नेलेही आहेत. हा संताप मात्र मी त्याच्या हाती लागू देत नाही, कारण तिच्या माघारी तिचं म्हणून माझ्यापाशी जे काही अजून जिवंत आहे, ते हेच.