बाजूच्या भोकातून गेलेला गोल

मित्रांनो, मी फुटबॉलच्या गोलखांबांना बांधायची एक जुनी जाळी आहे. दौंडच्या एका मैदानावर मी अकरा वर्षं काम करते आहे. माझ्या सगळ्या बहिणी भीमा नदीत मासे धरतात, मी मात्र चेंडू धरते. नदीकाठच्या पार्वतीबाईंनी मला नायलॉनच्या दोरीनं विणलं. मैदानाचे राखणदार सोपानराव त्यांना म्हणाले होते, "मावशी, मासा न्हाई, बॉल अडकला पायजे." पार्वतीबाई म्हणाल्या, "बॉल काय, रेडा सोडा. भायेर न्हाई यायचा."

पहिली काही वर्षं माझा मोठा थाट होता. चेंडू पोटात शिरला की मी फुगायची आणि सगळी पोरं ओरडत माझ्याकडे धावायची. मी मागे उभी असल्यामुळे मला जे दिसतं ते पंचालाही दिसत नाही. कोणी कोणाचा शर्ट ओढला, कोणाच्या हाताला चेंडू लागला, सगळं मला ठाऊक असतं. हल्ली पोरं मोबाईलवर मोठमोठ्या लीगचे सामने बघतात आणि नको ते आधी उचलतात. पायाला वाराही लागलेला नसतो आणि पठ्ठ्या गुडघा धरून असा लोळतो, की आता याला पुण्याच्या ससून हॉस्पिटलातच न्यावं लागणार! पेनल्टी मिळाली की तोच गुडघा टुणकन उभा राहतो. मला हसू येतं, आणि थोडं वाईटही वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात माझे दिवस फिरले. कोणीतरी मला कांद्याची ट्रॉली झाकायला नेलं. ट्रॉलीच्या हुकात अडकून माझी डावी बाजू टराटरा फाटली. परत आले तेव्हा सोपानरावांनी भोकाला सुतळी गुंडाळली आणि म्हणाले, "तात्पुरतं हाय." मित्रांनो, आमच्याकडे तात्पुरतं केलेलं काम फार दीर्घायुषी असतं. उन्हानं, दवानं ती सुतळी कुजत गेली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

आणि मग तो रविवार उजाडला. मुलींचा अंतिम सामना होता, दौंड आणि यवत भागातल्या संघांचा. पुण्याच्या एका व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षक भाग्यश्री मॅडम तो बघायला आल्या होत्या. त्यांच्याकडे एकच जागा होती. दोन वर्षांचा करार, राहायची सोय आणि दरमहा पगार. आमच्या दौंडच्या संघातली गौतमी ही न्हावऱ्याची एकोणीस वर्षांची पोर. चार वर्षं ती दर रविवारी एसटीनं सरावाला येत होती. त्या दिवशी तिचे वडील बन्सी कंपनीतून सुट्टी काढून आले होते. ही जागा तिलाच मिळणार, असं सगळं मैदान धरून चाललं होतं.

एक-एक अशी बरोबरी होती आणि दोनच मिनिटं उरली होती. गौतमी डावीकडून सुसाट आली आणि तिनं चेंडू मारला. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, माझ्या कुजलेल्या सुतळीवर आदळला, सुतळी तुटली आणि चेंडू बाजूच्या भोकातून थेट माझ्या पोटात आला. पंच लांब होते. त्यांना चेंडू जाळीत दिसला आणि त्यांनी शिट्टी फुंकली. गोल!

समोरच्या संघाची गोलकीपर, कासुर्डीची नीलम, जीव तोडून ओरडत होती, "सर, साईडनं गेला!" पण हरणाऱ्याचं कोण ऐकतं? सगळ्या पोरी गौतमीला मिठ्या मारत होत्या. गौतमी मात्र माझ्याकडे बघत होती. तिला भोक दिसलं होतं.

"राजनंदिनी, बॉल भायेरून गेला," ती कप्तानाला म्हणाली.

"गप्प बस! पंचानं दिलाय. मोठ्या लीगमधले लोक हातानं गोल करून गप बसत्यात. तू कोण लागून गेलीस?"

मला बोलता येत असतं, तर मीच ओरडले असते. माझ्या फाटक्या अंगापायी त्या पोरीची अशी परीक्षा व्हावी, याची मला भयंकर लाज वाटली. गौतमीनं एकदा बन्सींकडे पाहिलं. ते हात वर करून नाचत होते. मग ती पंचांकडे चालत गेली.

"सर, गोल न्हाई झाला. जाळीला भोक हाय. या, दावते."

पंचांनी भोक पाहिलं आणि गोल रद्द केला. सामना टायब्रेकरवर गेला. गौतमीनं आपल्या पेनल्टीवर गोल केला, पण नीलमनं दोन पेनल्ट्या अडवल्या आणि आमचा संघ हरला. भाग्यश्री मॅडमनी नीलमला निवडलं. गौतमीच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "जागा एकच होती गं. आज सगळ्यात चांगलं तीच खेळली." त्यांचंही काही खोटं नव्हतं.

आमच्या मैदानाचा रिवाज आहे, हरलेल्या संघानं जाळ्या सोडायच्या. बाकीच्या पोरी रागानं निघून गेल्या. गौतमी एकटीच माझ्या गाठी सोडू लागली. बन्सी जवळ आले.

"पंचानं दिला व्हता की गं," ते कळवळून म्हणाले.

"पप्पा, झालाच नव्हता तर कसा घेऊ?"

बन्सी खाली वाकले आणि माझ्या खालच्या खुंट्या उपटू लागले.

तेवढ्यात दुसऱ्या खांबापाशी नीलम आली. जिंकलेलं कोणी कधी जाळी सोडत नाही, पण तिनं गाठीला हात घातला.

"तू बोलली नसतीस तर टायब्रेकर झालाच नसता. माझी निवडबी झाली नसती."

"दोन पेनल्ट्या तूच अडवल्यास की."

"खरं सांगू? तुझ्या जागी मी असते, तर गप बसले असते."

"आन् आता?"

गाठ घट्ट होती. नीलम बराच वेळ तिच्याशी झटत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता गप बसाया न्हाई जमायचं."

नीलम आता पुण्यात खेळते. गौतमी अजून दर रविवारी एसटीनं सरावाला येते. मित्रांनो, खरं बोलणारी माणसं तुमच्यातही असतील. त्यांना शाबासकी द्याच, पण त्याआधी आपापली कामं नीट करा. सामना सुरू होण्यापूर्वी माझ्याभोवती एक चक्कर मारा. फाटलं असेल तिथे शिवा. दुसऱ्याच दिवशी सोपानरावांनी ओल्या डोळ्यांनी माझं भोक नायलॉनच्या दोरीनं शिवलं. त्यांना दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं आधी कोणी दिली नाहीत, म्हणून हाती आलेला गोल आणि त्याबरोबरची कराराची दोन वर्षं गौतमीला स्वतःच्या तोंडानं परत द्यावी लागली.