सुईचं टोक

चिंचणीचा एकनाथ पागधरे म्हणजे दांडगा गडी. होडीवरचा तांडेल, भरतीच्या लाटेवर होडी बाहेर काढायची ती त्यानंच. पण त्या वर्षीच्या माघात त्याला बोईसरच्या दवाखान्यात टेम्पोतून उतरवावं लागलं, आणि उतरवलं तेही बसलेल्या अवस्थेतच. कारण आडवं केलं की त्याचा श्वास अडकत होता. तापानं अंगाचं पार चिपाड झालेलं. पोट मात्र टम्म. त्याची बायको पुष्पलता खाटेवर त्याच्या मागे बसून होती, त्याची पाठ स्वतःच्या छातीवर टेकवून घेऊन. परिचारिकेनं उशा आणल्या तरी ती उठली नाही.

दवाखाना डॉक्टर खंडेराव चुरींचा. किनाऱ्यावरची अर्धी पोटं त्यांच्या हाताखालून गेली होती. ताडी पिणाऱ्या माणसाला ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दुखलं, की यकृतात पू झाला असणार, हे ते दारातूनच ओळखत. तसं त्यांनी एकनाथचंही ओळखलं. औषध सुरू केलं, बरगड्यांमधून जाड सुई घालून पू ओढायला गेले. आलं ते नुसतं रक्त. दुसऱ्या दिवशी जरा खाली टोचलं, तेव्हाही रक्तच.

"आता पोट उघडण्यावाचून इलाज नाही," ते बाहेर येऊन म्हणाले.

डॉक्टर उषा राऊत त्यांच्याबरोबर व्हरांड्यात उभी होती. माकुणसारची मुलगी, मुंबईला शिकून दोन वर्षांपूर्वी खंडेरावांच्या हाताखाली आलेली. दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं ते तिच्याच हट्टानं. वरच्या मजल्यावर काळे पडदे लावून ते ठेवलं होतं आणि बहुतेक गरोदर बायकांसाठीच चालायचं.

"सर, भूल सोसेल त्यांना?"

खंडेरावांनी नकारार्थी मान हलवली.

"मग आधी बघू द्या मला. पू कुठं आहे ते तरी कळेल."

"त्याला जिन्यावरून वर नेणार? वाटेतच जाईल तो."

"त्यांना नको. यंत्र खाली आणते."

"ते काय स्टेथोस्कोप आहे गळ्यात घालून आणायला?" खंडेराव म्हणाले खरे, पण पुढच्याच क्षणी त्यांनी बाह्या सरसावल्या. कंपाउंडर रामनाथनं यंत्राची एक बाजू धरली, दुसरी खुद्द डॉक्टरांनी. स्टॅबिलायझर उषानं काखोटीला मारला. पायरी पायरीनं ते धूड खाली उतरलं आणि खाटेला लागून उभं राहिलं. खिडकीवर चादर ताणून अंधार केला.

गार जेली पोटावर पडताच एकनाथनं डोळे उघडले. यंत्राच्या पडद्याकडे बघत पुटपुटला, "मासली दिसते काय गं, बाय?"

"गप ऱ्हा," पुष्पलता मागून म्हणाली.

उषानं आधी उजवी बाजू पाहिली. यकृत सुजून खाली आलेलं, पण त्या बाजूला पू नव्हता. म्हणून सुईत रक्त येत होतं. मग तिनं यंत्राचा हात, वायरीच्या टोकाचा तो प्रोब, छातीच्या हाडाखालच्या खळग्यात आणला आणि तिथंच थांबली. पडद्यावर यकृताच्या डाव्या भागात एक मोठं काळं विवर होतं, आत साचलेल्या पुवात राखेसारखे कण तरंगत होते. आणि त्याला अगदी खेटून काहीतरी धडधडत होतं.

"ते काय?" खंडेरावांनी चष्मा सावरला.

"हृदय, सर. मधे पातळ भिंतच उरलीय. पू तिकडं फुटला तर..."

तिनं वाक्य अर्धवट सोडलं. पुष्पलता ऐकत होती. तिला शब्द कळले नसतील, पण उषाचा चेहरा कळला.

"बाय, करा काय ते," ती म्हणाली. "आमी धरून हाय त्यांना."

पडद्यावर बघत सुई घालणं उषानं मुंबईत पाहिलं होतं, शेजारी उभं राहून. स्वतः कधी केलं नव्हतं. तिनं ते तसंच सरांना सांगून टाकलं. खंडेरावांनी खाटेच्या पलीकडे जाऊन एकनाथचा खांदा धरला.

"इथं पडद्यावरचं दुसऱ्या कुणाला कळतंय? सुई तूच घाल. याचा श्वास मी सांभाळतो."

तिनं कातडी बधिर केली. एका हातात यंत्राचा हात, दुसऱ्यात लांब सुई.

"एकनाथ, श्वास धर!" खंडेराव ओरडले.

सुई आत गेली, पण पडद्यावर ती दिसेना. उषाच्या कानशिलांवरून घाम ओघळला. तिनं सुई तिथंच ठेवली, यंत्राचा हात केसभर तिरपा केला. तेव्हा दिसली: करड्या रंगात चमचमणारी बारीक रेघ, तिच्या टोकाला पांढरा ठिपका. तिनं सुई हळूच पुढं सरकवली. ठिपका विवराच्या कडेशी आला, कड जराशी दबली आणि मग ठिपका एकदम काळ्यात शिरला.

तिनं दट्ट्या ओढला. सिरिंजमध्ये चिंचेच्या कोळासारखा दाट, तपकिरी पू चढला.

"आला!" खंडेराव इतक्या जोरात ओरडले की बाहेर रांगेत बसलेली माणसं उठून दाराशी आली.

सिरिंजमागून सिरिंज भरत गेली, रामनाथनं एक भांडं बाजूला ठेवून दुसरं धरलं. पडद्यावर विवर आकसत चाललेलं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मधली भिंत जाड होत गेली, हृदय सुटं, मोकळं धडधडू लागलं. उषानं सुई काढली तेव्हा एकनाथनं एक लांब श्वास घेतला, पोटभर. असा श्वास त्याला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता.

"मना झोपू दे," तो बायकोला म्हणाला.

पुष्पलता मागून सरकली. त्याला हळूहळू उशीवर टेकवलं, मग उशीही काढली. तो आडवा झाला, सपाट, आणि बघता बघता घोरायला लागला. ती तशीच उभी राहून ते घोरणं ऐकत राहिली. मग तिनं उषाचे जेलीनं चिकट झालेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले.

"अगं, हात धुऊ तरी दे तिला," खंडेराव म्हणाले, पण त्यांचेच डोळे भरून आले होते.

ताप उतरला. एकनाथ जेवण मागू लागला, मग चिंबोऱ्यांचा रस्सा मागू लागला, तेव्हा परिचारिकेनं कपाळाला हात लावला. घरी जायच्या दिवशी तो टेम्पोपर्यंत कुणाचा हात न धरता गेला, पुष्पलता पुढं, डोक्यावर गाठोडं, रस्त्यावर भेटेल त्याला मोठ्यानं सांगत, "आमचा मानूस बरा झाला! बघा, चालत चाललाय!"

उषा व्हरांड्यातून पाहत होती. आतून खंडेरावांची हाक आली.

"उषा, कुंभवलीची बाई आलीय, पोट फुगलंय. यंत्र खाली आण. आणि आज यंत्राचा हात मी धरतो, तू शिकव."

ती धावतच आत गेली.