एकेचाळिसावा पहारेकरी

नगराच्या पलीकडे नुसतं धुकं होतं, आणि त्यातून कधी कोण चाल करून येईल याचा नेम नव्हता. म्हणून आखणीवाल्या बाईंनी फौजेचा आराखडा अगदी जीव ओतून केला होता. वेशीपाशी घोडेस्वार, बुरुजांवर तिरंदाज आणि धुक्याकडच्या तटावर चाळीस पहारेकरी. ते लांबून दिसू नयेत म्हणून त्यांना घोंगड्याही धुक्याच्याच रंगाच्या.

पहिल्याच सकाळी बाई मोजत निघाल्या, तर पहारेकरी एकेचाळीस भरले.

"वहिनी, मोजताना चुकलात," सेनापती म्हणाले. ते बाईंचे धाकटे दीर.

"मी? मग तुम्हीच मोजा की, भावजी!"

त्यांनी दोनदा मोजले. एकेचाळीसच.

शेवटी टोकाचा पहारेकरी ओशाळून पुढे आला. घोंगडी तीच, भालाही तसाच.

"बाई, मी पलीकडच्या नगरातला. धुक्यात वाट चुकलो. हा तट आपलाच समजून पहाऱ्याला उभा राहिलो."

सेनापतींचा हात तलवारीकडे गेला. बाईंनी त्यांना नजरेनंच थांबवलं.

"पलीकडे नगर आहे? आणि तिथंही अशाच घोंगड्या?"

"सगळं असंच. आमच्याकडेही एक आखणीवाल्या बाई आहेत. बिचाऱ्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. भीतीपोटी बुरुजामागून बुरुज बांधत सुटल्यात."

"इतकी भीती कोणाची?"

त्यानं भाला भिंतीला टेकवला आणि खाली बघत तो म्हणाला, "तुमची."