सफारीच्या पाठीवर गेरू

प्रभू नांदेडहून गाडी घेऊन आला, त्या दिवशी दारात उतरल्यावर माझ्या पाया पडायच्या आधी त्यानं गाडीचा दरवाजा फडक्यानं पुसला. त्याचाच हात लागला होता तिथं. मी ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन उभी. म्हटलं, "पूस बाबा, तिला आधी पूस. मायचं काय, ती धुळीतच वाढलेली हाय."

"तसं न्हाई माय, हाताचा घाम रंगाला लागतो."

"आन् मी कवाची उभी हाय, ते तुला दिसून न्हाई राहिलं व्हय?"

हसला. पोरगं लहानपणापासून असंच आहे, माझं बोलणं अंगाला लावून घेत नाही. म्हणून तर मला ते सगळ्यांत जास्त आवडतं. पण हे लेकराला सांगायचं नसतं, बिघडतात.

गाडी म्हणजे सफारी. काळपट हिरवी, पाण्यातून निघालेल्या म्हशीसारखी चमकणारी. आत कातड्याच्या मऊ गाद्या, गार हवेचं यंत्र, समोर सेंटाची बाटली. नांदेडच्या एका ठेके घेणाऱ्या गुत्तेदाराची ही गाडी, आणि प्रभू त्याचा ड्रायव्हर. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या साली तो तिकडं गेला, बायकोला इथं माझ्याजवळ ठेवून. सणासुदीला यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा आणि जायचा. गुत्तेदारानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी ह्याला स्वस्तात दिली, कारण इतकी वर्षं तिला जपली होती ती ह्यानंच. प्रभूनं साठवलेलं सगळं तिच्यात घातलं.

आता मेंढरं राखणाऱ्याच्या घरी असली गाडी कशाला, असं गावानं विचारलंच. मी म्हटलं, तुमच्या दारात फटफटी कशाला हाय, सासऱ्याला दाखवायलाच ना?

आमचं रान नरसीजवळ, कोरडवाहू, थोडंसं. खरं पोट कळपावर. दिवाळी सरली की आम्ही मेंढरं घेऊन निघतो आणि सिद्धेश्वरच्या धरणाखाली कालव्याच्या अंगानं रानोरान फिरतो. शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतात. लेंड्यांचं खत त्यांना, ज्वारी आम्हाला. मुक्काम हलला की मोठी मेंढरं चरत चरत जातात, पण नुकती जन्मलेली कोकरं तेवढं चालत नाहीत. ती आजवर घोडीच्या पाठीवर झोळीत बसून जायची. ती घोडी आता माझ्यासारखी झाली होती. तोंड चालायचं, गुडघे नाही.

प्रभू बापाला म्हणाला, "बा, घोडीचं काम गाडी करंल. कोकरं, जाळ्या, भांडीकुंडी, समदं हिच्यात. बाजाराच्या दिशी बोकडं आखाडा बाळापूरला बी हिच्यातच. मी आता घरीच राहतो."

घरीच राहतो. मी चुलीकडं तोंड फिरवलं. डोळ्यात धूर गेला होता. चूल पेटलेली नव्हती ही गोष्ट वेगळी.

आमच्या मालकांचं नाव मी घेत नाही. सातबाऱ्यावर उकंडराव लिहिलंय. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मेंढा विकत घेताना मारतात तशी. चाकाला काठीनं टोचून पाहिलं. काठी चाकाला लागली, कळ प्रभूला आली. मग म्हणाले, "ह्या मोसमात कोकरं नीट पोचली तर ऱ्हाऊ दे. पण एक जरी कोकरू तुझ्या ह्या शिगरामापायी दगावलं, तर गाडी इकायची आन् तू तुझ्या नांदेडला."

"चालंल, बा."

मला कोणी विचारलं? नाही. विचारलं असतं तर मी गाडीला शिव्याच दिल्या असत्या. मनातून मात्र त्याच घडीला मी तिच्या बाजूची झाले होते.

निघायच्या आधी प्रभूनं गाडीला जे नटवलं! गाद्यांवर प्लास्टिकची पन्नी, पन्नीवर पन्नी. मागची बाकं उचलून ठेवली आणि तिथंही पन्नी. सकाळ-संध्याकाळ फिनेलचा पोछा. माझी सून साधना मला म्हणाली, "आत्याबाई, मला एवढं जपलं असतं तर मी बी अशीच चमकले असते."

"तुला जपायला मी हाय की."

"तुमी तर जपतच न्हाईत, नुसती राखण करता."

जीभ माझ्याच वळणावर गेली आहे तिची. बरं वाटतं.

पहिला मुक्काम संतरामच्या वावरात ठरला. संतराम आमचा जुना शेतकरी, वावर लहान, एकाच रात्रीचं काम. मालक मेंढरं घेऊन पहाटेच पुढं गेले. आम्ही कोकरं भरायला लागलो तर प्रभू म्हणाला, "थांब माय, मी देतो." आणि फिनेलचं फडकं घेऊन त्यानं एकेका कोकराचे खूर पुसले, शेपटी उचलून खाली पुसलं, पाठ पुसली. वर सेंटाच्या बाटलीचं बूच उघडून ठेवलं.

"काहून रे, ह्यांचं लगीन हाय का आज?"

"गादीला वास बसतो माय. कातड्यात एकदा वास गेला की जात न्हाई."

वाटेत काळी माती, बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या, कालव्याचं पाझरलेलं पाणी. गाडी अशी चालली की मला वाटलं आपण खाटेवर बसलोय आणि चौघांनी खाट उचलली आहे. मी प्रभूच्या शेजारी. फक्त लुगडं पन्नीवरून सरकायचं, आणि दर वळणाला मी त्याच्या अंगावर.

"माय, पट्टा लाव."

"पट्टा बैलाला लावतात."

पोचलो. कोकरं विणलेल्या डालग्यांखाली झाकली, एकही दमलेलं नव्हतं. प्रभूची छाती अशी फुगली होती की शर्टाची गुंडी तुटते का काय असं वाटलं.

दिवस कलला आणि मेंढरं आली. ही वेळ ज्यानं पाहिली नाही त्याला काय सांगावं. आया लांबूनच ओरडत येतात, इकडून कोकरं ओरडतात, डालगी उचलली की नुसता गदारोळ. पण थोड्या वेळात ज्याची माय त्याला सापडते. मेंढी आवाजानं जवळ येते आणि कोकराच्या शेपटीखाली हुंगून बघते. वास पटला की पाय फाकवून उभी राहते. मग सगळं शांत होतं, नुसत्या शेपट्या हलतात.

त्या दिवशी शांत झालंच नाही.

मेंढ्या आल्या, हुंगल्या आणि मागं सरकल्या. कोकरू कासेला गेलं की ढुशी. परत गेलं, परत ढुशी. कोकरं कोलमडून राहिली, उठून राहिली, आणि आया त्यांनाच हाका मारत त्यांच्यावरूनच उड्या मारून चालल्या. प्रभू आधी हसला, "नव्या जागेला बावरल्यात." मग त्याचं हसणं गेलं.

मालकांनी एक कोकरू उचलून नाकाशी धरलं आणि माझ्या हातात दिलं. मी हुंगलं. दवाखान्यात लग्न लागलंय असा वास. फिनेल आणि मोगरा.

"पुसलीस व्हय रं ह्यास्नी?" मालकांनी विचारलं.

प्रभूनं मान हलवली. मेंढपाळाचं पोरगं, ह्याच वासात जन्मलेलं. पण इतकी वर्षं गाडीत काढली की नाकही नांदेडचं होतं.

उपाशी कोकरू थंडीत सकाळ बघत नाही, हे आमच्यात कोणाला सांगावं लागत नाही. मी पदर खोचला. "बोलणं मागून करा. साधना, मीठ आण. प्रभू, मेंढी धर."

मेंढी पायात दाबून धरायची, तिचंच दूध पिळून कोकराच्या पाठीला आणि शेपटीला चोळायचं, वर चिमूटभर मीठ. मिठासाठी मेंढी चाटते, आणि चाटता चाटता तिला तिचं लेकरू सापडतं. प्रभू इस्त्रीच्या पँटीत लेंड्यांत बसला. एकेक करून लागली पाजायला. अंधार पडता पडता एकच राहिली, बुचकी. तोकड्या कानांची, माझ्यासारखीच हट्टी. पाय बांधून तिच्या कोकराला चार घोट पाजले, पण दोरी सोडली की ढुशी.

प्रभू हात धुता धुता हळूच म्हणाला, "माय, गुत्तेदार सायबाला फोन करतो. जागा असंल अजून माझी."

मला म्हणायचं होतं, जाऊ नको. तोंडातून आलं, "आधी जेव. उपाशी फोन लागत न्हाई."

सकाळी संतरामच्या वावरातून हलायचं होतं. मालक मेंढरं घेऊन गेले. जाताना बुचकीच्या कोकराकडं बघून म्हणाले, "हे आज प्यालं तर प्यालं." त्यांची घोंगडी मागं काठीवर वाळत होती. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, तिच्यावर कैक कोकरं जन्मली, तिच्यात गुंडाळून कैक वाचली. ती घोंगडी ते सख्ख्या भावालाही देत नाहीत. मी ती काढली.

मग गाडीकडं गेले आणि पन्नी टराटरा फाडली.

"माय! काय करून राहिली?"

"बघ की." पन्नीखाली बोट घातलं तर ओलं लागलं. कोकरांचं मूत पन्नीवरून ओघळून कडेच्या शिवणीत जाऊन बसलं होतं. "हे तुझं जपणं. वरून चकचकीत, आतून सडतंय."

मी दाभण आणि सुतळी घेतली. मालकांची घोंगडी मागं तळाला अंथरली, माझी जुनी गाद्यांवर चढवली आणि कडेनं शिवत गेले. घोंगडी पाणी पिऊन धरते, खाली जाऊ देत नाही. जन्मभर पावसात आम्ही तिच्याखाली कोरडे राहिलो, तर गाडीचं कातडं का राहणार नाही? वर मेंढरं बसतात त्या वाड्यातली लेंड्यांची भुकटी मूठमूठ चोळली.

"कातड्याला टोचंल की गं घोंगडी."

"कातडं कशाचं हाय? जनावराचंच ना? त्याला लोकरीची ओळख तुझ्याहून जुनी हाय."

सेंटाची बाटली साधनाला दिली. "घे, तू लाव. तुला हुंगून कोणी ढुशी मारणार न्हाई."

साधना लाजली, आणि माझं पोरगं पहिल्यांदा गाडीकडं न बघता बायकोकडं बघत राहिलं. तेवढं तरी झालं म्हटलं.

कोकरं भरली, कोणी पुसली नाहीत. बुचकीचं कोकरू मी मांडीवर घेतलं. वाटभर गाडीत तो आपला वाडा दरवळत होता, आणि प्रभू काच खाली न करता चालवत होता.

नव्या रानात संध्याकाळ झाली. मेंढरं येताना दिसली तसा प्रभू गाडीला टेकून उभा राहिला. डालगी उचलली. गदारोळ झाला. हुंगणं झालं. आणि मग, हळूहळू, नुसत्या शेपट्या.

बुचकी शेवटी आली. कोकराला हुंगलं. मान वर केली, परत हुंगलं. कोकरू लटपटत कासेकडं गेलं. मी कुणाला दिसणार नाही अशी पदराची गाठ आवळून धरली होती. बुचकीनं मागचे पाय फाकवले. कोकराची शेपटी अशी हलायला लागली की तुटून पडते का काय.

मालकांनी ते पाहिलं. गार वारा सुटला तसं इकडं तिकडं बघून राहिले.

"माझी घोंगडी कुठाय?"

"गाडीत. शिवलीय."

मला वाटलं आता काठी उचलतात. ते गाडीपर्यंत गेले, आत वाकून घोंगडीवर हात फिरवला. मग पुढचा दरवाजा उघडून सीटवर चढून बसले, पाय वर घेऊन, उकिडवे. मग हाक आली, "प्रभ्या, ती काच वर कर की रं. वारं लागून राहिलंय."

प्रभूनं धावत जाऊन काच वर केली. फोनाचं नाव त्यानंही काढलं नाही, मीही नाही.

सकाळी मी गेरू कालवला. आमच्या कळपातल्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पंजा असतो, बाजारात चुकलं तरी कुणाचं ते कळावं म्हणून. जे वाड्याचं, त्याला खूण. वाटी घेऊन मी सफारीच्या मागं उभी राहिले आणि पोराकडं पाहिलं. रंगाला हाताचा घाम चालत नव्हता, हे माझ्या ध्यानात होतं.

"माय, तिथं नको."

माझा हात थांबला.

"जरा वर लाव. खाली चिखल उडतो, पुसून जाईल."

मी पंजा उमटवला. पाची बोटं चांगली उठली. गेरूचा एक ओघळ त्या चकचकीत रंगावरून खाली निघाला, तसा प्रभूनं सवयीनं खिशातून फडकं काढलं. मी म्हटलं, झालं. तर त्यानं माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट करून पुसत बसला. ओघळ तसाच खाली जाऊन वाळला.