पाठमोरे गुणाजी

गुणाजी पाष्ट्यांनी उभ्या आयुष्यात कधी ब्लेझर घातला नव्हता. तो त्यांना जगनने घातला, तोही ते गेल्यानंतर.

जगनचं कोपर स्टेशनबाहेर फ्लेक्सचं दुकान. नाक्यावर लागणारा जवळजवळ प्रत्येक बॅनर त्याच्या हातचा, आणि त्यावरचा प्रत्येक पुरुष एकाच मरून ब्लेझरमध्ये. वाढदिवसवाला असो, इच्छुक उमेदवार असो की स्वर्गवासी, ब्लेझर तोच. मुंडकं तेवढं बदलायचं. आज तो लॅपटॉप घेऊन पाष्ट्यांच्या घरी आला होता, कारण तेरावं दोन दिवसांवर आलं होतं आणि बॅनर अजून ठरत नव्हता.

रंगूबाईंनी चष्मा पुसून स्क्रीनकडे पाहिलं.

"हा कोण?"

"काका, मावशी."

"कुठले काका? हा तर वरातीत बँड वाजवणारा दिसतोय."

"आई, चेहरा अण्णांचाच आहे," साईनाथ म्हणाला. "कंपनीच्या ओळखपत्रावरून घेतलाय."

चेहरा खरंच त्यांचा होता. फक्त तो नाईट शिफ्ट संपल्यावर सकाळी सात वाजता काढलेला होता, आणि त्या वेळी कोणाचाही चेहरा चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. जगनने त्यावर थोडी लाली चढवली होती. त्यामुळे चोर आता खुशीत होता.

"लोकांना कळायला नको का कोण गेलं ते?" साईनाथ म्हणाला. "कंपनीतले येतील, गाववाले येतील. माझे साहेब ठाण्याहून येणारेत."

"तेच तर म्हणतेय मी. ह्यावरून कोणाला कळणार?"

रंगूबाईंना तेवढंच हवं होतं. नाक्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाने वर बघावं आणि नाव न वाचता म्हणावं, अरे, हा तर गुणाजी. लेथवर उभं राहून ज्याने कोपरला दोन खोल्या घेतल्या, एकाला इंजिनिअर आणि एकीला नर्स केलं, ओव्हरटाइमला कधी नाही म्हटलं नाही, त्या माणसाला मेल्यावर निदान स्वतःच्या कपड्यांत राहू द्यावं.

त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. लेक शिवानीने फोटो बाहेर काढून लादीवर मांडले. मलंगगडाचे, माहुलीचे, मुंब्र्याच्या डोंगराचे. फोटो भरपूर होते. अडचण एवढीच, की सगळ्यांत गुणाजींची पाठ होती.

त्याला कारण भगवान. हा त्यांचा कंपनीतला जोडीदार, राहायला दिव्याला. मेहुण्याने दुबईहून आणलेला कॅमेरा त्याच्याकडे होता आणि फुप्फुसं जरा कमी होती. दम लागला की भगवान फोटो काढायचा, म्हणजे थांबायला निमित्त. गुणाजी तोवर पुढे गेलेले असत. वळून बघण्याची त्यांना सवय नव्हती. मागे सगळे येतच असणार, असा त्यांचा विश्वास.

कंपनीला सुट्टी शुक्रवारी, शाळेला रविवारी. तरी दर शुक्रवारी पाष्ट्यांच्या दोन्ही पोरांच्या पोटात एकदमच दुखायचं. शाळेतल्या बाईंनी एकदा बोलावून विचारलं, तेव्हा गुणाजी गंभीरपणे म्हणाले, "इथलं पाणी बाधतं त्यांना. डोंगरावरचं पाजतो, मग उतार पडतो." बाईंना ते पटलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आपल्याही मुलाला पाठवलं.

"हा," रंगूबाई म्हणाल्या आणि एक फोटो उचलला.

चढाची वाट. मळक्या सदऱ्यातली रुंद पाठ. मानेमागे कॉलरला अडकवलेली छत्री. पाठीवर पिशवी, पिशवीतून कुकरची शिटी बाहेर डोकावतेय. आणि खांद्यावर चार वर्षांचा साईनाथ, अण्णांचे केस घट्ट धरून. चड्डी ओढ्यात भिजली होती म्हणून ती छत्रीच्या टोकाला वाळत घातलेली. साईनाथच्या अंगात वर बनियन होतं आणि खाली निसर्ग.

साईनाथने फोटो पाहिला आणि हळूच उलटा ठेवला.

"ह्यात चेहरा नाही, आई."

"तुझापण नाही. मग कसली लाज?"

शिवानीने तोंडाला ओढणी लावली.

"नाक्यावर? आठ बाय दहा फूट? साहेब येणारेत गं."

"साहेबांना काय जन्मतः पँट होती?"

जगन धंदेवाईक माणूस. दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं सांभाळायची त्याला सवय. तो म्हणाला, "दादा, टेन्शन नका घेऊ. काकांच्या ब्लेझरचं कापड पडलंच आहे. त्यातूनच तुम्हाला हाफपँट काढतो."

असं ठरलं.

तेराव्याच्या सकाळी बॅनर नाक्यावर, बिल्डिंगच्या फाटकाशीच लागला. रंगूबाई खिडकीत बसल्या. पहिल्यांदा दूधवाला थांबला, वर बघून त्याने पायातल्या चपला काढल्या. मग इस्त्रीवाला. मग गावाहून आलेले चौघे, त्यातल्या एकाला वाचता येत नव्हतं. त्यानेच आधी हात जोडले. रंगूबाईंनी पदर सारखा केला आणि ताठ बसल्या.

साहेब आले तेव्हा साईनाथ फाटकाशी होता. त्याने त्यांना बॅनरच्या पुढून झपाझप आत नेण्याचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात रिक्षातून भगवान उतरला. गुडघे धरत बॅनरखाली आला, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला.

"थांब की रे, गुण्या," तो बॅनरला म्हणाला. "आजपण पुढेच?"

रस्त्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. भगवानने डोळे पुसले, पुन्हा वर पाहिलं आणि खिडकीकडे मान केली.

"वहिनी, ह्या साईनाथला पँट कधी घातली? मी फोटो काढला तेव्हा नव्हती."

"परवाच घातली, भावोजी."

साहेबांनी बॅनरकडे पाहिलं, मग साईनाथकडे. "वर बसलाय तो तू?"

साईनाथने मान वर केली, आठ बाय दहा फुटांच्या त्या पाठीकडे.

"हो सर. वर मी. खाली अण्णा." आणि बॅनरकडे बोट करून, "पँट खोटी आहे. बाकी सगळं खरं."

रंगूबाईंनी खिडकीतून हाक मारली, "या सगळे वर. चहा निवतोय. आणि भगवान भावोजींना जिन्यात मध्येच थांबू देऊ नका रे, नाहीतर ते फोटो काढत बसतील."